तिसऱ्या खांबावरचा गिलावा

३ मार्च
पूल दुरुस्तीवर नवे साहेब आले. कोण? तर आमचे जावई! वरच्यांना दुसरं कुणी सापडलंच नाही. एकतीस वर्षं मुकादमकी केली, आता याच्यापुढे मान तुकवायची. चारचौघांत मुद्दाम तीनदा 'साहेब' म्हणालो. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. बरं वाटलं!

६ मार्च
जावयाच्या हातात हातोडी, दिवसभर खांबांवर टकटक. मेला सुतारपक्षी! माणसं हसली. मीच हसवली.

१० मार्च
पूल जॅकने उचलून खांबांवरच्या झिजलेल्या रबरी गाद्या बदलायच्या आहेत. मी म्हणालो, एक लेन चालू ठेवू, आजवर तसंच केलंय. तर म्हणतो, "बाबा, आधी खांब नीट तपासू द्या." बाबा! साइटवर! सगळ्यांदेखत झापला त्याला.
मग लेकीचा फोन. "दोन दिवस धड जेवले नाहीत हो ते. पण तुमच्याबद्दल एक शब्द काढत नाहीत." मनात काढत असेल! म्हटलं, पुस्तकी साहेब आहे, पुस्तकं खाऊ दे. फोन ठेवला तिने.

१३ मार्च
बोलणं बंद. निरोप वेल्डरमार्फत. तोही वैतागलाय.

१७ मार्च
तिसरा खांब. हातोडी पडली — ढब्ब! पोकळ. गिलावा फोडला तर आतल्या सळईचा बोटाने भुगा होतोय. "हे कुणी लिंपलं?" त्याने विचारलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी खाली पडलेला गिलावा घमेल्यात भरायला लागलो.
बारा वर्षांपूर्वी मीच लिंपलं. गंज खरवडायला चार दिवस मागितले होते. तेव्हाचे साहेब म्हणाले, पूल परवा सुरू झालाच पाहिजे. लिंपलं. वर शाबासकीही घेतली!

१८ मार्च
जावयाने पूल बंद करायची परवानगी मागितली होती. वरून उत्तर — एका खांबासाठी अख्खा पूल बंद होणार नाही. टेकू द्या, वाहतूक चालू ठेवा. जावई फोनवर तासभर भांडला. बाकीचे खांबही असेच, याला पुरावा काय, एवढंच विचारत होते ते.
बारा वर्षांपूर्वीच्या त्या कामाची नोंदवही त्याच्या टेबलावर होती. माझ्या सहीचं पान उघडं. मला बघून त्याने ती मिटली. माझ्यावर दया? त्यापेक्षा शिव्या घाल की!

१९ मार्च
सकाळी लेखी दिलं, सहीनिशी — त्या वर्षी पाचही खांब मी तसेच लिंपले. दुपारी पूल बंद झाला.
लेकीला फोन केला. "आज पुलावरून येऊ नकोस, लांबच्या रस्त्याने ये. का, ते मीच सांगतो."