अज्ञातकुमाराचे कुलशील

आषाढ शु. ३
स्वस्ति श्री. अर्धगुंठा-चक्रवर्ती, गारखेडा-नववसाहत-मंडलेश्वर, नळप्रतीक्षाव्रतधारी, आवक-जावक-टपाल-धुरंधर, त्रिकालचहाप्राशक जो मी, त्याच्या परसदारी, कढीपत्त्याच्या दक्षिणांगी, हातभर उंचीचे अपरिचित रोप प्रकट झाले आहे. कोणी पेरले नाही, कोणी आमंत्रिले नाही. पाने समोरासमोर, जोडीजोडीने. वरून तकतकीत, खालून फिकट. चुरगाळून हुंगले. गंध शून्य. नाव कळेतो 'अज्ञातकुमार', संक्षेपाने अ.कु.
फाटकाची कडी तुटली. शेजाऱ्यांची शेळी डोकावून गेली.

आषाढ शु. ९
गृहस्वामिनीचे (यापुढे गृ.) आरोपपत्र दाखल. "हे नवं आल्यापासनं माझा कढीपत्ता उतरलाय." खरोखरच पिवळटला आहे. तो तिच्या आईच्या जालन्याच्या अंगणातला. आई गेली, घर विकले. त्या घरातले जिवंत असे एवढेच उरले. यावर विनोद सुचला नाही.
"नाव कळत नसंल तर काढून टाका."
मुदत मागितली. मिळाली: नागपंचमीच्या आत. त्या दिवशी खणता येत नाही, "मग ते राहूनच जाईल."

आषाढ व. २
प्रा. सोनवणे, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, आमचे जुने स्नेही. पान दाखवले.
"फूल आणा."
"नाही."
"मग फळ."
"तेही नाही."
"मग थांबा. नुसत्या पानावरून सांगणारे ज्योतिषी असतात." पान साभार परत.

आषाढ व. ७
पडेगावहून आतेभाऊ नामदेव, मेथीच्या जुड्यांसह. घरची शेती, त्यामुळे वाणी निःशंक. "एवढा शिकला तू, पर झाड वळखंना व्हय?" स्वतःही ओळखले नाही, परंतु उपाय तयार. "भवतालचं गवत काढ की रे. मोकळं कर, मग बघ कसं लई जोमात येतंय." दोघे बसलो. हराळी, केना, यच्चयावत् प्रजा हद्दपार. अ.कु.भोवती निष्कंटक वर्तुळ. राज्याभिषेकास योग्य भूमी.

दिव्यांची अवस
अ.कु. मलूल. पाने खाली. पाणी घातले, पुन्हा घातले. उपयोग नाही. कढीपत्ता तर अधिकच पिवळा.   संध्याकाळी गृ.ने एक दिवा कढीपत्त्यापाशी ठेवला. वारा अ.कु.च्या बाजूने होता. दिव्याला आडोसा म्हणून मी उभा. कढीपत्ता की अ.कु., कोणासाठी, ते माझे मलाच ठाऊक नाही.

श्रावण शु. ४
गृ.ने खुरपे हातात दिले. "तुम्हीच काढा." उद्या पाहू म्हणालो. "उद्या पंचमी." खुरपे ओसरीवर ठेवून सोनवण्यांकडे गेलो. रोप मरते आहे म्हणालो.
"त्याआधी काय केलंत?"
गवत काढले, म्हणालो. ते खुर्चीत सरळ झाले. "उद्या येतो. मुळं बघायचीत."

श्रावण शु. ५, नागपंचमी
आज बिरुदावली स्थगित.
सोनवण्यांनी येताच खुरपे उचलले. गृ. दारातून: "भाऊजी, आज माती उकरायची नाही."
"वहिनी, उद्यापर्यंत हे टिकायचं नाही."
 ती आत गेली, कळशी घेऊन आली. "उकरायचं नाही. पाणी ओतायला कुणी नाही म्हटलंय?"
पदर खोचून बसली. करंगळीएवढी धार. काळी माती हळूहळू वाहून गेली आणि मुळे वर आली, दोऱ्यासारखी. त्यांवर मोहरीएवढे मणी. बहुतेक मण्यांच्या टोकाला हराळीचे तुटलेले धागे, आम्हीच तोडलेले. एक मूळ मात्र वाट काढत कढीपत्त्याच्या मुळापर्यंत गेलेले, आणि तिथे तो मणी असा चिकटलेला, जसे तान्ह्याचे तोंड.
सोनवणे हलक्या आवाजात: "चंदन. हे एकट्यानं जगत नाही. शेजारच्याच्या मुळाला तोंड लावून पितं. गवत होतं तोवर सगळ्यांकडून थोडं थोडं. तुम्ही गवत काढलं, सगळा भार कढीपत्त्यावर."
"आणलं कोणी?"
"बुलबुलानं. फळ खाल्लं, कढीपत्त्यावर येऊन बसला. पुढचं सांगायला नको."
"आणि गंध?"
"तो गाभ्यात. नातवंडांना विचारा."
आजन्म सहाणेवर उगाळून ज्याचा टिळा लावला, ते स्वतःच्या पायांनी दारी आले. मी हुंगून 'शून्य' असा शेरा मारला. मातीखाली वीतभर अंतरावर हे चालले होते, आणि वर आम्ही राज्याभिषेक...
दोघांतले कोणते ठेवायचे, असे गृ.ला विचारले. धार न थांबवता म्हणाली, "पितं लेकरू उठवतं का कुणी? आईनं तरी उठवलं असतं का?" मग: "माती टाका आता परत. टाकायला चालतं आज."

श्रावण शु. ८
मोकळ्या भूखंडातून हराळी मुळासकट, सन्मानपूर्वक आणली. कढीपत्त्याचा भार वाटला जावा म्हणून अ.कु.भोवती लावत असता नामदेव हजर. "येडा झाला व्हय? गवत लावतंय कुणी?" कारण सांगितले. मुळाशी वाकून पाहत राहिला, नेहमीपेक्षा फार वेळ. मग "आपुनच तोडलं की," म्हणाला आणि लावू लागला.

श्रावण व. २
अ.कु.ची वरची दोन पाने उभी. (फूल येईतो 'चंदन' यावर सही करणार नाही, इति सोनवणे.) कढीपत्त्याला तांबूस कोंब एक, खालची फांदी अजून पिवळी. आमटीसाठी गृ. कढीपत्ता बाजारातून आणते. दोघेही तगतील की एकच, हे सोनवण्यांनाही सांगता येत नाही. सकाळ-संध्याकाळ आम्ही उभयता जाऊन पाहतो.
आज पाहतो तो पूर्वेकडची हराळी साफ. शेळी. आज हराळी, उद्या अ.कु. फाटकाच्या कडीसाठी पुन्हा शहागंजच्या बाजारात. दुकानदार: "कल आव साब, कल पक्का." त्याचा 'कल' आषाढापासून चालू आहे. तूर्त फाटक माझ्या जुन्या पायजम्याच्या नाडीने बांधले आहे. शेळीला नाडी आवडते.