पपईऐवजी दुधी

गोकुलम, म्हैसूर

सौ. आईस,
ऋतुजाचा नमस्कार.

फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून लिहिते. मी बरी आहे.

जेवणाची काळजी करू नकोस. आमच्या गल्लीत लोर्नाबाईंची खानावळ आहे. त्या फिलिपिन्सच्या, योग शिकायला आल्या आणि इथेच राहिल्या. त्यांचं कोंबडीचं सूप म्हणजे आपला अळणी रस्साच, फक्त हळद नाही. आलं, शेवग्याचा पाला आणि कच्च्या पपईच्या फोडी. सध्या माझ्या पोटात तेवढंच ठरतं.

काल म्हटलं, मला पपईऐवजी दुधी घाला, आमच्याकडे पोटुशी बाई पपई खात नाही. त्यांनी दुधी घातला आणि पाला दुप्पट. पुढे दूध चांगलं येतं म्हणाल्या.

मागच्या वेळी घाईने सगळ्यांना सांगितलं, आणि मग ते राहिलं नाही हेही सगळ्यांना सांगत बसावं लागलं. या वेळी घरच्यांत फक्त संग्रामला आणि तुला. स्कूटरवर बसत नाही, जड उचलत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? सुरवंट होतात म्हणून बाबा परसातला शेवगा तोडणार होते ना? कारण सांगू नकोस, पण तोडू देऊ नकोस.

तुझी,
ऋतुजा