सहानंतर अकरा

तीर्थरूप काका,

वाकून नमस्कार. जबड्याची सूज उतरली का? काकूंना फोन केला तर "ते बोलत नाहीयेत" एवढंच म्हणाल्या. दाढेमुळे बोलत नाही की माझ्यामुळे, ते कळेना, म्हणून पत्र लिहायला बसलो.

सोमवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे तुम्ही आठ नंबर घेऊन अडीच तास बसून राहिलात, ते माझ्यामुळे. तिथलं नंबराचं ॲप मी बनवलेलं, आणि "तिथेच जा, हल्ली पटापट नंबर लागतो" असं तुम्हाला सांगणाराही मीच. तर झालं असं, की ॲपचे दोन भाग असतात. एक मोबाइलच्या पडद्यावर दिसतो. दुसरा पडद्यामागे गुपचूप काम करत राहतो, पडदा बंद केला तरी. डॉक्टरीणबाई आतून बटण दाबतात, मागचा भाग "पुढचा" अशी हाक देतो आणि मोकळा होतो. ती ऐकायला किती जण आहेत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पडदा उघडला की तो एक कान लावतो, आणि हाक ऐकू आली की तो कान आकडा एकाने वाढवतो. पडदा मिटला की कान काढून घ्यायचा असतो. ते सांगायला मी विसरलो.

बाहेर बसणाऱ्या ताई आपल्या मोबाइलवर दिसेल तो नंबर पुकारतात. सहा नंबरापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग त्यांच्या बहिणीचे निरोप यायला लागले (घर बदलायचं चाललंय म्हणे, त्यांना तरी काय बोलणार) आणि त्यांनी चारदा पडदा मिटून पुन्हा उघडला. जुना कान निघाला नाही, दर वेळी नवा लागला, म्हणजे कान झाले पाच. आतून बटण एकदाच दाबलं गेलं, आकडा पाचने पुढे गेला आणि ताईंनी अकरा पुकारलं. अकरा नंबरच्या बाई नवऱ्याची कवळी न्यायला आल्या होत्या. त्या काही बोलायच्या आत खुर्चीत बसवल्या गेल्या आणि त्यांचे दात साफ झाले. नंतर सोळा. बसलेल्यांत शेवटचा नंबर बारा, त्यामुळे कोणीच उठलं नाही. पेशंट संपले असं समजून डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला.

तुम्ही जन्मभर वर्गात हजेरी घेतलेली, सहानंतर सात येणारच या भरवशावर गाल धरून बसलात. शेवटी दार ढकलून "सोळा नाही, आठ आहे. चालेल का?" असं विचारलंत म्हणे. हे मला डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा लाज वाटली. त्या तापल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. मी लगेच जाऊन चूक शोधली. दोन ओळींचं काम निघालं. आता मोजणी मागचा भागच करतो, पडदा फक्त त्याला विचारून आकडा दाखवतो. मी स्वतः शंभरदा उघडमीट करून पाहिली. आकडा हलला नाही. तेव्हा मनात काही न ठेवता पुन्हा तिथेच जा.

तुमचा,
पुतण्या

ता. क. गुरुवारी टाके काढायला जायचंय ना? मी सोबत येतो.

ता. क. २ : खरं सांगायचं तर रविवारपासून माझीही डावी दाढ ठणकतेय. ताई सध्या कागदाच्या चिठ्ठ्या देतात असं कळलं. माझ्यासाठीही एक घेऊन ठेवा. कोणाची म्हणून विचारलं, तर नाव तेवढं सांगू नका.