माहेरचं विरजण

बिश्केक, १२ ऑगस्ट

प्रिय मोठी आई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, घोड्यांना दूध कसं आहे, शिंगरं अंगाने भरली का, कुत्र्याचा पाय बरा झाला का? मोठे बाबा खुशाल असणारच, त्यांना काय होतंय! हे पत्र मकसातदादाच्या गाडीने पाठवतेय. पाकीट खळ लावून चांगलं चिकटवलंय, कारण कुरणावर पोचेपर्यंत त्याने ते वाचलं नाही तर सूर्य पश्चिमेला उगवेल.

मी मजेत आहे. सुट्टी असूनही रोज विद्यापीठात जाते. मी इथे यायला निघाले तेव्हा तू काय म्हणाली होतीस, आठवतं? "चार वर्षं जीवशास्त्र शिकलीस म्हणून आपली घोडी काही जुळं देणार नाही." नाही देणार. पण घोडीचं दूध आंबवून तू जे कुमीस करतेस, त्यात कोण कोण राहतं ते आता मला माहीत आहे.

हे सगळं सुरू कसं झालं ते तुला सांगायचंच राहिलं. पहिल्या वर्षी कालिपाबाईंनी वर्गात विचारलं, "कुमीस कोण कोण पितं?" सगळ्यांचे हात वर. "आणि करतं कोण?" माझा एकटीचा. मागून एकजण म्हणाला, "तिच्या हाताला अजून घोडीचा वास येतो." सगळे हसले. बाई म्हणाल्या, "मग हाच हात मला हवाय." आणि मला प्रयोगशाळेत नेऊन भांडी घासायला बसवलं! कित्येक महिने मी नुसत्या काचेच्या नळ्या धुतल्या. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, हेच करायचं होतं तर घरी काय कमी भांडी होती?

मग मागच्या शरद ऋतूत मी आईच्या हातचं कुमीस सरबताच्या जुन्या बाटलीत भरून इथे आणलं, सरावासाठी. त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मोठी आई, काय सांगू! ओश बाजारात रविवारी असते तशी गर्दी. कोणी गोल, कोणी काडीसारखं, कोणी माळेने चाललेलं, आणि सगळे कामात. मी ओरडलेच. बाई धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी फुटलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. परीक्षेत बाकी विषयांत काठावर पास झाले, हे आईला सांगू नकोस.

या उन्हाळ्यात बाईंनी मला स्वतंत्र काम दिलं: आपल्या सुसामीरच्या कुरणावरच्या प्रत्येक तंबूतल्या चामडी बुधल्यातलं कुमीस आणायचं आणि कुणाच्या विरजणात काय आहे ते यंत्रावर ताडून पाहायचं. जूनअखेर मी बाटल्यांची पेटी घेऊन आले होते ती त्यासाठीच. त्यातली गंमत ऐक. बाटल्या उकळून, झाकणं लावून, हात न लावता ठेवलेल्या. जास्तीच्या दोन मी नुरबुबू काकूकडे विसरले. दुसऱ्या दिवशी काकू त्या परत द्यायला आली, काठोकाठ कुरुत भरून. म्हणाली, "पाहुणीचं भांडं रिकामं परत देऊ? मला काय कोणी वळण लावलं नाही?" ते सुकवलेल्या दह्याचे गोळे बाटलीच्या तोंडातून आत घालायला तिला केवढा वेळ लागला असेल, देव जाणे. बाई हसून हसून बेजार झाल्या. बाटल्या बाद झाल्या, कुरुत मात्र सगळ्या प्रयोगशाळेने खाल्लं.

तर आता कामाचं. म्हणजे फार काही नाही. छोटीशीच गोष्ट आहे.

सगळ्या तंबूंची विरजणं वेगवेगळी निघाली. प्रत्येकाचं कूळ वेगळं. फक्त दोन बाटल्या सारख्या, अगदी जुळ्या बहिणी. एक तुझी. दुसरी शेजारच्या तंबूतली.

शेजारच्या म्हणजे कुणाच्या, हे मी लिहायला पाहिजे असं नाही.

मला माहीत आहे, तुम्ही दोघी जावा एकमेकींशी बोलत नाही. एरमेकदादाच्या लग्नात तू चारचौघांत म्हणालीस, "धाकटीचं कुमीस म्हणजे पाण्याला घोडीचं नाव," आणि आई उठून गेली. तेव्हापासून तुमचे तंबू दोरीभर अंतरावर, आणि सगळा कारभार कुत्र्यामार्फत. "अरे कुत्र्या, कुणाचं तरी शिंगरू सुटलंय बरं का!" लेकी बोले सुने लागे, तसं तुमचं कुत्र्या बोले जावे लागे. आम्ही पोरं त्याला हसायचो. आता हसू येत नाही.

कारण मागच्या वर्षी मी आणलेलं आईचं कुमीस तुझ्यासारखं मुळीच नव्हतं. त्यातली मंडळी निराळीच होती, आईच्या माहेरची, अत-बाशीकडची, आजीच्या हातची. आई लग्न होऊन आली तेव्हा ते विरजण तिने मांडीवर धरून आणलं होतं, हे तिने आम्हाला शंभरदा तरी सांगितलंय. यंदाच्या बाटलीत त्यातलं कोणीही नाही.

कालिपाबाई म्हणाल्या, "एक तर तू दोन्ही बाटल्या एकाच बुधल्यातून भरल्यास, नाहीतर चिठ्ठ्या लावताना घोळ घातलास. काय ते शोध. तोवर ऑक्टोबरच्या विद्यार्थी संमेलनात तुझं नाव जाणार नाही." त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. मोठी आई, मी घोळ घातलेला नाही. चिठ्ठी आधी लावायची आणि मग भरायचं, हे मी झोपेतसुद्धा करीन.

पण एक आठवतं. मी आईच्या तंबूत शिरले तेव्हा तिने मला बुधल्याला हात लावू दिला नाही, स्वतःच ओतून दिलं. डोळे लाल होते. म्हणाली, धुरी देत होते, धूर गेला.

म्हणून विचारते. त्या आठवड्यात तुझ्याकडून कोणी कुमीस नेलं होतं का? कोणी म्हणजे आईने. आईला विचारायची माझी हिंमत नाही. तिने तसं केलं असेल आणि तुला ते आत्ता माझ्यामुळे कळत असेल, तर मी केवढा घोटाळा करून ठेवतेय ते मला समजतंय. तरी विचारते, कारण मला हे काम सोडायचं नाही. इतकं काहीच मला कधी आवडलं नव्हतं.

उत्तर नाही दिलंस तरी मी समजून घेईन. पण दे.

तुझी,
बुरुल


बिश्केक, २९ ऑगस्ट

प्रिय मोठी आई,

तुझं पत्र मिळालं. मकसातदादाने ते देताना इतका साळसूद चेहरा केला होता की त्याने वाचलंय हे लगेच कळलं. मी ते पायरीवर बसूनच वाचलं आणि तिथेच रडले. मग हसले. येणारेजाणारे बघत होते.

तुझे शब्द मला पाठ झालेत. "पोरी, एवढं लांबण कशाला लावलंस? सरळ विचारायचं, आईने कुमीस चोरलं का. नाही चोरलं. मी ओतलं. तिच्या तंबूतून रवीचा आवाज येईना. एक दिवस गेला, दुसरा गेला. मी ओळखलं, बुधला मेला. त्यात तू बाटल्या घेऊन येणार होतीस. ती धारा काढायला गेली तशी मी आत शिरले. बुधला धुऊन, धुरी देऊन कोरडा टांगलेला. माझी कासंडी त्यात ओतली नि निघाले. घाईत कासंडी तिथेच राहिली. तू आपली पेटी घेऊन गेलीस त्या संध्याकाळी कासंडी माझ्या दारात, कणकेच्या तळलेल्या बोरसोकांनी भरलेली, अजून गरम. मग आम्ही काही बोललो नाही. आधी तरी कुठे बोलत होतो?"

आईने मला बोरसोकाचा एक तुकडाही दिला नव्हता. एवढं कुणासाठी तळतेस म्हटलं तर म्हणाली, "कुत्र्यासाठी." आता कळलं कुठला कुत्रा.

आणि शेवटी तू लिहिलंस, "तिचं कुमीस पाणचट कधीच नव्हतं. लग्नात लोक त्याचीच स्तुती करत होते, ते मला खपलं नाही. हे तिला सांगू नकोस." बरं. मी नाही सांगत.

तुझं पत्र घेऊन मी कालिपाबाईंकडे गेले. वाटलं, म्हणतील नमुना खोटा, काम बाद, पुन्हा नळ्या धू. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "म्हणजे रिकाम्या बुधल्यात परकं विरजण पडलं आणि थोड्या दिवसांत घर ताब्यात घेऊन बसलं?"

म्हटलं, "हो."

"जुन्या विरजणातलं चामड्यात कोणीच उरलं नाही?"

"माहीत नाही. यंत्राला दिसलं नाही."

"मग बघ ना! आतापर्यंत मी दिलेल्या प्रश्नावर काम करत होतीस. हा तुझा आहे, कुणी न दिलेला." आणि माझ्या पाठीत असा धपका घातला की तू घातलास असंच वाटलं.

तर नाव जातंय! ऑक्टोबरमध्ये मी व्यासपीठावर उभी राहून सांगणार, उसनं विरजण दुसऱ्या बुधल्यात कसं रुजतं. कुणाचं गुपित फोडणार नाही, फक्त "तंबू क्रमांक अमुक" म्हणणार. पण आभारात तुमची दोघींची नावं शेजारी शेजारी येतील. कोणाचं आधी घालायचं ते मला कळेना. तुम्हीच ठरवा आणि कळवा.

आता खरी गोष्ट.

मागच्या वर्षीची ती सरबताची बाटली आठवते ना? आईच्या कुमीसची? सरावातून उरलेलं मी तेव्हा छोट्या नळ्यांत भरून खोल गोठवणाऱ्या कपाटात ठेवलं होतं. बाईंची तशी शिस्तच आहे, काही टाकायचं नाही. मी विसरूनही गेले होते. मागच्या आठवड्यात ती नळी काढली, बाजारातून घोडीचं ताजं दूध आणलं, त्यात सोडली आणि उबेत ठेवली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी मी झाकण उघडलं आणि फस्सकन आवाज झाला. थेंब काचेखाली धरला. सगळी मंडळी हजर! माळेने चालणारीसुद्धा. चाखून पाहिलं, मोठी आई. आजीच्या तंबूतली चव होती.

आईला वाटतंय, ते विरजण तिच्या हातून मेलं. आजी गेली तेव्हा ती जशी गप्प झाली होती तशीच जूनमध्ये होती, आणि मी मूर्ख, धुरावर विश्वास ठेवून आले. तिला हे कधी एकदा कळतंय असं मला झालंय.

मी बाईंना विचारलं, हे घरी पाठवू का? त्या म्हणाल्या, "आपण तिचं भांडं घेतलं होतं ना? मग रिकामं परत देतात का?"

बाटली मकसातदादाकडे बर्फाच्या डब्यात दिलीय. ती आईच्या हातात द्यायला सांगितलंय. बाटलीवर मी काहीही लिहिलेलं नाही, चिठ्ठीसुद्धा लावलेली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच! आईला ती काय आहे ते कळणार नाही. ते फक्त या पत्रात आहे, आणि पत्र तुझ्याकडे.

दुपारच्या धारेआधी ती ताज्या दुधात ओतायला हवी, नाहीतर ऊन लागेल. नव्या बुधल्यात, सध्या तुझं विरजण आहे त्या बुधल्यात नाही. बुधला जड असतो, एकीने तोंड धरायचं, दुसरीने ओतायचं. कुत्र्याला हे जमणार नाही.

तेव्हा ऊठ, मोठी आई. दोरीभरच अंतर आहे.

तुम्हा दोघींची,
बुरुल