पत्रिकेवर अक्काचं नाव

९ मार्च २०२५, रविवार

कागद की मोबाईल – सकाळपासून घरात हाच विषय. प्रियंकाचं म्हणणं, पत्रिका छापूच नये. तिचं लग्न मे महिन्यात, खर्चाचा आकडा आधीच ठरलेला. मग पाचशे पत्रिकांना आठ हजार कशाला घालायचे? मोबाईलवर पाचशे रुपयांत होते. वर गाणं वाजतं, बोट लावलं की मांडवाचा रस्ता दिसतो.

"पत्रिका वाचतंय कोण बाबा? तारीख बघतेत आन् खिडकीत खोचतेत."

खोटं नाही. पण पहिली पत्रिका मारुतीपुढं ठेवतात. मोबाईल कसा ठेवायचा? हे तिला बोललो नाही. हसली असती.

११ मार्च, मंगळवार

छापखान्याचा भाव काढायला सेनगावला निघालो, तर नेमकी प्रियंकाचीच बस. खाकी गणवेश, खांद्याला पिशवी, हातात तिकिटाचं मशीन. आमच्या साखऱ्यातून एसटीत कंडक्टर झालेली पहिली मुलगी. मी मागच्या बाकावर बसून नुसता बघत होतो. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सेनगाव ना? सुट्टे द्या." पूर्ण तिकीट घेतलं.

शेजारच्या शकुबाई पुढच्या बाकावर होत्या. "बापाचं बी तिकीट फाडलंस व्हय गं?"

"फुकट बसवलं तर उद्या बापाच्या गिरणीतच दळण घालीत बसावं लागंल मावशी."

सगळी बस हसली. मग शकुबाईंनी मला बजावलं, "तातेराव, मला मोबाईलवर आवतण देऊ नका बरं. माझा मोबाईल नातवापशी असतो. त्योच येऊन जेवून जाईल."

छापखान्यात बद्रुद्दीनभाईंचा रोजा होता, तरी माझ्यासाठी समोरून चहा मागवला. मी नको म्हणालो. "रोजा माझा हाये, तुमचा न्हाई. प्या." घडीच्या पत्रिकेला सोळा रुपये, एका पानाच्या साध्या पत्रिकेला नऊ. भावकीतली सगळी नावं घालायची तर घडीचीच लागणार.

तिकीट खिशातच आहे. फेकवत नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. प्रियंका ड्युटीवरून उशिरा आली. अक्कानं तिच्या वाटणीच्या पोळ्या तेवढ्या ती आल्यावर लाटल्या.

१६ मार्च, रविवार

प्रियंकानं मोबाईलवर नमुन्याची पत्रिका करून आणली. गणपती, झेंडूची तोरणं, प्रियंका आणि प्रज्ञेशची नावं सोनेरी अक्षरांत. खाली निमंत्रक – पहिलं नाव श्रीमती नर्मदाबाई. दुसरं माझं.

नर्मदाबाई म्हणजे आमची अक्का, माझी थोरली बहीण. तेविसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली. प्रियंकाची आई गेली तेव्हा पोरगी चार वर्षांची होती, तिला अक्कानंच वाढवलं. कंडक्टरच्या परीक्षेला हिंगोलीला घेऊन गेली तीही अक्काच. पण चौतीस वर्षांत ती कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही, की कुणाला अक्षता द्यायला. गावाची रीत. लग्न असलं की ती चुलीमागं असते.

नाव पाहून ऊर भरून आला. मग भीती वाटली.

तपासायला म्हणून वैजनाथला पाठवली. चुलतभाऊ, भावकीत मोठा. तासाभरात दारात हजर. "तातेराव, लग्नाची पत्रिका हाये का तेराव्याची? विधवा बाईचं नाव पह्यलं घालतेत व्हय? आन् भावकीतले बेचाळीस लोक कुठं गेले?"

अक्का गिरणीवर होती. पट्टा चालू होता. ऐकू गेलं नसेल असं धरून चालतो.

१७ मार्च, सोमवार

ऐकू गेलं होतं. सकाळी चहा देताना म्हणाली, "माझं नाव कशाला पायजे तात्या? नाव न्हाई छापलं तर लेकरू माझं न्हाई व्हय?"

मला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली.

२० मार्च, गुरुवार

तोडगा सापडला. दोन पत्रिका करायच्या. गावात आणि भावकीत कागदाची, बेचाळीस नावांची, तीही तीनशेच. डेपोतल्या लोकांना आणि प्रज्ञेशच्या मित्रांना मोबाईलची, तिच्यावर अक्काचं नाव. पैसेही वाचतात, कुणी दुखावतही नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या गिरणीवाल्याला एवढं सुचलं, म्हणून दिवसभर स्वतःवर खूश होतो.

२१ मार्च, शुक्रवार

प्रियंकाला सांगितलं. ताटावरून हात उचलला तिनं.

"म्हणजे डेपोत आत्याला मान, आन् साखऱ्यात न्हाई."

"तसं न्हाई बाळा –"

"मला न्हाऊ कुणी घातलं? वैजनाथकाकानं?"

पिशवी घेऊन पहिल्या गाडीच्या ड्युटीला गेली. माझ्यावर रागावली तरी तिचा अभिमानच वाटला. माझ्या तोंडून असं सरळ वाक्य कधी निघालं नाही.

२३ मार्च, रविवार

पुसेगावहून भावकीतल्या उकंडरावांचा फोन. "पत्रिका भेटली मोबाईलवर. छान हाये. पण चूलबंद हाये का मला एकट्यालाच?"

मी चाट. आवतण म्हणून पत्रिका तर कुणालाच पाठवलेली नाही. मग उलगडलं – वैजनाथनं ती भावकीतल्या सगळ्यांना पाठवली होती, माझी चूक दाखवायला. लोकांनी ती आवतणच धरली. दुपारपर्यंत नऊ फोन आले. नऊही जणांचा एकच प्रश्न, चूलबंद का? त्यांचंही खरं आहे. अक्षता हातावर देताना माणूस तोंडानं सांगतो, चूलबंद आवतण आहे – म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. मोबाईल गाणं वाजवतो, एवढं सांगत नाही.

अक्काच्या नावाचा विषय नऊपैकी एकानंही काढला नाही. तोंडावर बोलत नसतील.

एवढं मात्र पक्कं झालं. गावात कागद हवा, आणि कागदाबरोबर माणूस हवा.

२५ मार्च, मंगळवार

गिरणी बंद करून अक्का आणि मी गावातली घरं मोजायला बसलो. कुणाकडं किती पानं धरायची याचा हिशोब तिच्या डोक्यात. "शकुबाईकडं सात. नेमसिंगकडं नऊ होते, सून बाळंतपणाला गेली, दळण दोन किलोनं कमी झालं, आठ धर." एकसष्ट घरं, कागदाकडं न बघता. दुसरीत शाळा सुटलेली बाई. साखऱ्यात कोण किती जेवतं हे सरपंचाला माहीत नसेल, अक्काला आहे.

मी लिहीत होतो. सगळी नावं लिहून झाली. तिचं कुठंच नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

पहाटे मारुतीपुढं बसलो. मागितलं काही नाही. भावकीतली बेचाळीस नावं मनात एकेक म्हणून पाहिली. चांगली माणसं आहेत. पण प्रियंकाला गोवर निघाला तेव्हा यातलं कुणी उशाशी नव्हतं.

उठलो आणि सेनगाव गाठलं. बद्रुद्दीनभाईंना सांगितलं – एका पानाची साधी पत्रिका, दीडशे. खाली दोनच नावं. पहिलं नर्मदाबाई.

"आन् बाकीची नावं?"

"न्हाईत."

"तकलीफ होईल तातेराव. भांडतील लोक."

"बेचाळीस जणांचं भांडण एकदाच होईल. एकाचं घेऊन दुसऱ्याचं सोडलं असतं तर जन्मभर पुरलं असतं."

ते हसले. अक्षरं जुळवताना अक्काचं नाव त्यांनी आपणहून एक नंबर मोठं केलं. त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. म्हणाले, ईदच्या आत देतो. बाहेरगावच्यांना याच पत्रिकेचा फोटो मोबाईलवर जाईल. कागदावर तीच, मोबाईलवर तीच, आणि खर्च आठ हजारांवरून दीड हजाराच्या आत आला.

बसमध्ये प्रियंकाला सांगितलं. तिनं तिकीट दिलं, सुट्टे मोजून दिले, आणि पुढच्या माणसाकडं वळताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

२९ मार्च, शनिवार

पत्रिका आल्या. पहिली मारुतीपुढं ठेवली. दुसरी अक्काला दिली. तिला वाचता येत नाही असं नाही, हळूहळू येतं. आपल्या नावावर बोट फिरवून म्हणाली, "शाई ओली तर न्हाई ना?" आणि हात पदराला पुसला.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. आजपासून गावात अक्षता द्यायच्या. घरात सवाष्ण नाही, म्हणून वैजनाथच्या बायकोला विनवलं होतं. सकाळी निरोप आला – "ज्यांची नावं छापलीत, त्यांनाच पाठवा."

टोमणा होता. पण मी तो तसाच उचलला. अक्काला म्हणालो, "उद्या तूच जा अक्षता घेऊन. घरोघर. काही बोललं कुणी तर माझ्याकडं पाठव."

तिनं पेटीतून जरीकाठाचं लुगडं काढून उन्हात टाकलं.

गावाची एवढी जुनी रीत आज मी मोडली. लिहिताना छाती भरून येते. आमचे वडील बापू असते तर पाठ थोपटली असती.

३१ मार्च, सोमवार

अक्का एकसष्ट घरं करून आली. कुणी काही बोललं का, विचारलं. पाय धुता धुता म्हणाली, "काय बोलतेत? समद्यांनी बसवून घेतलं. शकुबाईनं तेवढं इचारलं, इतकी वर्सं काहून आली न्हाईस? म्हणलं, आमच्या तात्यानं कधी जा म्हणलंच न्हाई."