सिंदफणेची ओटी

माय, परवा शाळेतली मुलं आपल्या ओसरीवर येऊन बसली होती. गुरुजींनी त्यांना गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितलाय. गावात जुनं माणूस म्हणावं असं आता मीच उरले, त्यात निम्म्या गावाला बाराखडी मीच शिकवलेली, म्हणून सगळी फौज माझ्याकडे. एकानं वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि विचारलं, "बाई, आपलं गाव कधी वसलं?" मला सन-तारीख कुठली ठाऊक असायला? मला ठाऊक आहे ते तुझ्या काटवटीतलं गाव. तेच सांगितलं त्यांना, आणि तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस. म्हणून हा कागद घेऊन बसले.

तू भाकरीला बसलीस की मी समोर चुलीच्या उबेला असायचे. पाणी घालायच्या आधी तू काटवटीतल्या कोरड्या पिठात बोट ओढायचीस. ती सिंदफणा. मग तू ज्वारीचा एक दाणा ठेवतेस, ही वेस. दुसरा ठेवतेस, हा पिराचा दर्गा. आपल्या दुकानाचा दाणा मात्र नदीच्या इतका जवळ ठेवतेस की बाबा जेवता जेवता म्हणतात, "आगं, मागं सरकव की, गूळ भिजंल समदा." आणि गोष्ट सुरू होते. आपल्या घरची बैलं मिठाच्या गोण्या लादून धारूरच्या बाजाराला निघाली होती. नदीला पूर. माणसं काठावर थांबली, आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत चुली मांडल्या, शेणानं जमीन सारवली, कुणी परसात वाल टोचले. शेवटी घरातल्या बाईनं गाठोड्यातला नवा खण नारळासकट नदीच्या ओटीत घातला तेव्हा पाणी ओसरलं. तोवर वालाचे वेल मांडवावर चढले होते. टाकून जायचा कुणाला धीर होईना. "आडकलो म्हनून गाव झालं," असं तू म्हणायचीस आणि पिठातली नदी तळहातानं पुसून पाणी ओतायचीस. रोज गाव वसवून रोज त्याच्या भाकरी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या ओटीचा मान तेव्हापासून आपल्या घराचा. दसऱ्याच्या पुढंमागं पाणी कमी झालं की म्हातारा भोई काठीनं चाचपत नदीत शिरायचा आणि पायी ओलांडता येईल अशी जागा सापडली की तिथं लिंबाची फांदी रोवायचा. मग आपल्या घरच्या सवाष्णीनं गुडघाभर पाण्यात उभं राहून ओटी भरायची, आणि त्यानंतर गाव नदी उतरणार. तोवर कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. एके वर्षी पल्याडच्या काठावर निजामाच्या पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावर ताटकळत उभे होते. "अजी, और कित्ता वखत?" म्हणून ओरडत होते. काठावरचे पुरुष घाबरले, तू घाबरली नाहीस. खणाची नीट चौघडी घातलीस, हळद लावलीस, तांदूळ घातलेस. घरी आल्यावर बाबा रागावले तर म्हणालीस, "निजामाचं राज्य येशीपस्तोर. पान्यात न्हाई." बाबांना हसू आवरेना. त्या दिवशी भिजलेल्या लुगड्यानं काठाकडे वळून तू माझ्याकडे पाहिलंस, ते अजून डोळ्यांपुढं आहे.

मला त्या मानाची भारी मस्ती चढली होती. घाटावर भोयाच्या नातीला मी ठसक्यात सांगितलं, गाव आमचं, आम्ही पहिले आलो. ती म्हणाली, "मंग तुमाला पल्याडून हिकडं आनलं कोनी? आमच्या आज्यानं." तिकडं दर्ग्याचा मुजावर सांगायचा की पीर आधी, बाकी सगळे मागून. मी रडत घरी आले. तू माझी बाजू घेशील असं वाटलं होतं. तू दंडाला असा चिमटा काढलास की वळ उठला. "नदी काय पदरात बांधून आनलीती का आपुन? ज्याला त्याला आपलाच आजा पैला." एवढं बोलून पुन्हा भाकरी थापायला लागलीस.

बाबा गेले ते तापाच्या साथीत. नदी अजून दुथडी होती. पावसाळ्याआधीच त्यांनी धारूरहून ओटीचा खण आणून ठेवला होता, हिरवा, लाल काठाचा. साऱ्या साथीत तो तसाच कोनाड्यात होता. गावकरी बसायला आले, दुखवट्याचं बोलून झालं, आणि उठता उठता एकानं सांगितलं की यंदाची ओटी देशमुखांच्या बाईसाहेब भरतील. घरात दुसरी सवाष्ण नव्हती. काकू आधीच गेलेली, ती असती तर मान घरात राहिला असता. तू डोक्यावरचा पदर पुढं ओढलास आणि "बरं" म्हणालीस. मला तुझा राग आला होता, माय. भांडायला पाहिजे होतंस असं वाटत होतं. वाड्यावरून हलगी वाजत निघाली तेव्हा तू कोनाड्यातून खण काढलास, माझ्या हातात दिलास.

"जा, दे त्यास्नी. नदीचा हाय. घरात ठिवायचा न्हाई."

मी धावत गेले. बाईसाहेबांच्या हातात जरीचं लुगडं होतं, चांदीचं ताट होतं. मी खण पुढं केला. बाईसाहेबांनी हात पुढं केला होता, हे खरं सांगायला पाहिजे. पण शेजारच्या एका म्हाताऱ्यानं माझा हात बाजूला सारला. "सुतकाच्या घरचा कावून आनलास गं? अक्कल हाय का न्हाई?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईसाहेबांनी हात मागं घेतला. ओटी भरून झाली, हाली शिक्क्याची नाणी पाण्यात पडली, गाव खळखळ करत नदीत शिरलं. मी काठावर खण छातीशी धरून उभी. घरी न्यायचा नाही आणि पाण्यात शिरायची छाती होत नाही. तेवढ्यात भोयाची म्हातारी आली. "आन हिकडं," म्हणाली, खण कपाळाला लावला, फांदीच्या पुढं, धारेत गेली आणि सोडून दिला. हिरवा खण दूरवर दिसत राहिला.

तू दारातच होतीस. "ग्येला का?"

"ग्येला."

"कोनी सोडला?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचं ऐकताना तुझं तोंड लहान झालं. भोयाच्या म्हातारीचं सांगितलं तशी तू खाली बसलीस आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा हसलीस. "मंग बरं झालं," म्हणालीस. "त्यांचाच आजा पैला आसंल." पुढं ओटीचा मान वाड्यावरच राहिला. उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरून पाणी आणायला तू नदीवर जायचीस, पण नदी उतरायच्या दिवशी तू घराबाहेर पडलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही. आणि काटवटीत बोट ओढणंही तू सोडलंस. मी मागं लागले की म्हणायचीस, "आता मोठी झालीस की."

परवा मुलांना मी हे सगळं सांगितलं. काटवट पुढं घेऊन, बोट ओढून, दाणे ठेवून. साथीच्या वर्षापाशी आले आणि पिठातल्या नदीवरून पुन्हा एकदा बोट ओढलं. मग सांगितलं की गाव वाटेल ते म्हणालं, पण आमची माय हिरवा खण घेऊन निघाली आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनंच ओटी भरली. पेन्सिली भराभरा चालल्या. कोपऱ्यातली एक मुलगी मात्र लिहीत नव्हती. भोयाच्या घरची. ती म्हणाली, "बाई, आमच्या घरी येगळं सांगत्यात. खण वाण्याच्या मायचा व्हता, पर सोडला आमच्या म्हातारीनं." माय, ती म्हातारी जाऊन किती काळ लोटला, तिच्या घरच्या गोष्टीत तुझा खण अजून आहे. "तुझ्या वहीत तसंच लिही," म्हटलं. तिनं लिहिलं.

वर माजलगावला धरणाचं काम चाललंय. पुढं नदीला पूर येईल की नाही कोण जाणे, आणि पूरच नाही तर उतरण्याचा मान कसला. राहतील त्या मुलांच्या वह्या. खरं एकाच वहीत आहे. बाकीच्या मागवून दुरुस्त करणं माझं काम, जन्मभर दुसरं केलं काय मी. पण मी मागवणार नाही. हा कागद तुझ्या काटवटीत ठेवते, पाठवायचा तरी कुठं. मला तू पुन्हा एकदा त्या पाण्यात उभी दिसायला हवी होतीस, एवढंच.