चवीपुरतं मीठ

२ जानेवारी २०२५, गुरुवार
झोप सात तास. मन : अधिक एक.

नंदुरबारनं माझं स्वागत अकरा शिंकांनी केलं. मोजल्या मी. गाडी मिरची बाजारामागून निघाली आणि दोन्ही बाजूंना पथाऱ्या लागल्या, नजर पोचेल तिथवर जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली. योगेंद्र एकदाही शिंकला नाही. म्हणाला, रूपा, शिंका थांबल्या की समजायचं, तू इथली झालीस. मग तासभर पपईच्या आणि केळीच्या बागा, आणि तापीच्या अलीकडे आमचं गाव. 'आमचं' लिहिताना फार मजा वाटली.

घरात माणसं चार. सासरे दोधूआप्पा, बोलणं कमी आणि तपकीर जास्त. सासूबाई निर्मलाबाई, त्या आप्पांच्या वाटचंही बोलतात. योगेंद्र आणि मी. उंबऱ्यावर सासूबाईंनी माझ्यावरून मीठमिरची ओवाळून चुलीत टाकली आणि मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तू मन्ही सून नही, पोर शे." आई जाऊन नऊ वर्षं झाली. एकतिसाव्या वर्षी पुन्हा कुणाची पोर व्हायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी सगळ्यांदेखत रडले.

नवी वही, म्हणून नाशिकच्या डॉक्टरबाईंचे नियम पुन्हा उतरवून ठेवते. रोज झोपेचे तास आणि मनाचा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे ठीक, अधिक पाच म्हणजे मी जगाची मालकीण, उणे पाच म्हणजे अंथरुणातून उठणंही नको. लिथियमच्या गोळ्या सकाळी एक, संध्याकाळी एक. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, पुढची तपासणी जानेवारीअखेर. पाणी भरपूर. आणि मीठ सोडायचं नाही, चवीपुरतं रोज खायचंच. मीठ तोडलं तर औषध रक्तात साचतं आणि त्याचंच विष होतं. हे शेवटचं त्यांनी सांगितलं तेव्हा योगेंद्र खाली गाडीला जागा शोधत होता.

वहीची एक अट मी लग्नाआधीच घातली होती. मागच्या आजारपणात भावानं माझी वही वाचली आणि नातेवाइकांना वाचून दाखवली. योगेंद्रनं शपथ घेतली आहे की तो ही वही कधी वाचणार नाही. आत्ताही मी लिहायला बसले तर चेष्टेनं डोळ्यांवर हात ठेवून बसलाय. माणूस चांगला मिळाला मला.

९ जानेवारी
झोप साडेसात. मन : शून्य.

सासूबाईंना गोळ्या सापडल्या. योगेंद्रनं घरी काही सांगितलंच नव्हतं, त्याबद्दल मी त्याला वेगळं झापलं. मग शेंगा निवडता निवडता मी सगळं सांगून टाकलं. चार वर्षांपूर्वी पाच दिवस न झोपता मी नाशिकच्या आमच्या इमारतीतल्या प्रत्येक दाराची बेल वाजवून लग्नाचं आमंत्रण दिलं होतं, नवऱ्याचा पत्ता नसताना. मग भाऊ माझ्या अन्नात काहीतरी मिसळतो अशी खात्रीच झाली, ताटं फेकली. आणि ते सगळं ओसरल्यावर नऊ महिने भिंतीकडे तोंड करून पडून. त्यांना म्हटलं, मन म्हणजे गाडी धरा, कधी तिचा ब्रेक लागत नाही आणि कधी ती सुरूच होत नाही. गोळीनं ती तीन वर्षं नीट चालली आहे.

सासूबाई रडल्या. मला वाटलं होतं आदळआपट होईल, पण त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. गोळ्या किती दिवस, एवढंच विचारलं. मी जन्मभर म्हणाले. "जलमभर?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मग उठून देवघरात कानबाईदेवीच्या नारळापुढे बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या.

१६ जानेवारी
झोप सात. मन : शून्य.

आठवडाभर जेवणाला चव नाही. आज वरण तर निव्वळ अळणी. मी चेष्टेनं विचारलं, आई, मीठ रुसलं का आपल्यावर? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आप्पा ताटात बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "बराबर शे, बेटा. खाई ले." योगेंद्रनं तर आणखी एक भाकरी मागून घेतली. तो वरण चापून खात होता, म्हणजे त्याला चव असणारच. माझीच जीभ गेली असेल.

२१ जानेवारी
झोप सहा. मन : उणे एक.

मिठाचा डबा जागेवर नाही. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या की मिठाला पाणी सुटलं म्हणून वर ठेवलाय. वर म्हणजे कुठे, ते सांगितलं नाही. मी जेवताना सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मान वर केली की नजर वळवतात. उजवा हात थोडा थरथरतो, चहा बशीत सांडला.

मागच्या वेळी सुरुवात अशीच झाली होती. आधी चव, मग नजरा. तेव्हा डॉक्टरबाईंनी मला एक वाक्य दिलं होतं, संशय आला की म्हणायचं: अन्नात कुणी काही करत नाही. आज जेवताना मनात वीस वेळा म्हटलं. कुणाला काही बोलले नाही, कारण बोललं की तो आजार होतो.

२५ जानेवारी
झोप सहा. मन : कळत नाही.

आज मुद्दाम मदिनाभाभींच्या दुकानात गेले आणि वेफर्सचं पाकीट घेतलं. तिथेच ओट्यावर बसून एक तोंडात टाकला.

खारट. चांगला खारट. अख्खं पाकीट मी अधाशासारखं संपवलं, कागद चाटला. मदिनाभाभी हसल्या, म्हणाल्या, काही गोड बातमी आहे का?

म्हणजे जीभ ठीक आहे. मग घरातलं अन्न? येताना शेताच्या बांधावर आप्पा दिसले. भाकरीबरोबर हिरवी मिरची खात होते, समोर कागदाची पुडी, पुडीत काहीतरी पांढरं. मला पाहिल्याबरोबर त्यांनी पुडी मुठीत लपवली. भुकटी होती. मी नीट पाहिली.

अन्नात कुणी काही करत नाही. अन्नात कुणी काही करत नाही.

२९ जानेवारी
झोप पाच. मन : उणे तीन.

राहवलं नाही. योगेंद्रला सांगून टाकलं की माझ्या जेवणात काहीतरी केलंय, आप्पांकडे पुडी आहे. त्याचा चेहरा उतरला. त्याला मी सांगितलेली नाशिकची ताटं आठवली असणार. अंगणात जाऊन त्यानं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरबाई बाहेरगावी आहेत. त्यांच्या जागी जे बसतात ते म्हणाले, जुना संशय परत आलाय, रक्त तपासून लगेच घेऊन या, तोवर संध्याकाळी एक गोळी वाढवा. गोळी मात्र आजच वाढली. रक्ताचं योगेंद्र म्हणतो, मिरचीची गाडी एकदा बाजारात गेली की जाऊ.

मी भावालाही फोन केला. तो म्हणाला, गोळ्या घे आणि जास्त विचार करू नको.

४ फेब्रुवारी
झोप — दिवसाही झोपते. मन : उणे तीन.

पोट बिघडलंय. दिवसातून सात-आठदा. पाणी कितीही प्या, तहान हटत नाही. हात आता दिसेल इतका हलतो, ही अक्षरंच बघा. सासूबाई मऊ भात भरवतात, हातानं, लहान पोरीसारखा. भात अळणीच. त्या स्वतःही माझ्याबरोबर तोच खातात आणि मधेच बोटांवर काहीतरी मोजतात. काय मोजताय विचारलं तर पदरानं डोळे पुसतात. त्या माझ्यावर माया करतात हे मला कळतं. तरी त्यांचा हात तोंडाशी आला की मला भीती वाटते. अशी माझी मला लाज वाटते.

८ फेब्रुवारी
मन : उणे चार.

मोरीत पडले. पाय आपले नाहीत, कुठेही पडतात. कानात सतत शिट्टी. रक्त तपासायचं म्हटलं, योगेंद्र सोमवारी म्हणाला. सोमवार तर — होऊन गेला का? तो रोज दोन्ही वेळा घड्याळ बघून गोळी देतो, एकदाही चुकत नाही. मी गिळेपर्यंत उभा राहतो.

१२ फेब्रुवारी

बोलताना जीभ जड. मी पाणी म्हणते आणि ते भलतंच काही ऐकतात. शेजारच्या फुलवंताबाई दारातून बघून गेल्या. हिला बाहेरचं आहे म्हणाल्या. आप्पा रागावले त्यांच्यावर. आप्पा पहिल्यांदाच इतकं मोठ्यानं बोलले.

मांडीचं मांस आपोआप उडतं. मी बघत बसते —

आकडा सुचत नाही.

१५ फेब्रुवारी

नाही लिहिता आलं काल. बहुतेक परवाही.

नंदुरबारच्या शिंका — त्या मी होते. ती मुलगी कुठे गेली —

१६ फेब्रुवारी

सासूबाईंनी सांगितलं. पाय चेपत होत्या. म्हणाल्या आता बघवत नाही, देव माफ करेल, सांगते. कानबाईला नवस. रूपाची गोळी सुटू दे. सव्वा महिना घरातली चूल अळणी. जिच्यासाठी नवस तिला सांगायचं नसतं. "तुन्हाकरता मीठ सोडेल शे आम्ही, पोरी."

तिघांनी. माझ्यासाठी. आप्पांना निभेना म्हणून शेतात पुडी —

मीठच होतं पुडीत.

माझी जीभ खरी होती. मी वेडी झाले नव्हते. सव्वा महिना मी शहाणी होते —

मग आठवलं. मीठ तोडलं तर. डॉक्टरबाई. विष. हात, पाय, जीभ, सगळं त्याचंच —

योगेंद्रला म्हटलं गोळी नको, दवाखाना. शब्द नीट निघेना. एवढंच कळलं त्यांना, गोळी नको. सासूबाईंनी कानबाईला हात जोडले. पावली म्हणाल्या, पोरीनंच गोळी नाकारली. योगेंद्र रडायला लागला. मी गोळी नको म्हणाले की आजार वाढला समज, असं मीच त्याला लग्नाआधी सांगून ठेवलं होतं. मीच.

मी म्हटलं मीठ. मीठ. ते कळलं. तो म्हणाला, मीठ सोडल्यानं कुणाचं वाईट झालंय का, आप्पांनाही डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात —

१७

सरकत स्वयंपाकघरात गेले. डबा सापडला. वरच्या फळीवर नाही, पिठाच्या मागे. मूठ भरली. सासूबाईंनी बोट बोट सोडवून मूठ उघडली. हळू. दुखू नये म्हणून. "एकच दिन ऱ्हायना, पोरी."

तळहाताला चिकटलेलं चाटलं —

दुपार

योगेंद्र आला. पाणी. गोळ्या दोन. एक आधी चुकली म्हणाला. चुकली नव्हती —

तोंड बंद ठेवते. तो नाक धरत नाही, जबरदस्ती नाही, नुसता केसांवरून हात फिरवतो. त्याच्या हाताला मिरचीचा वास. शिंक आली नाही मला.

वही आहे. वहीत आहे सगळं. पहिलं पान, दोन जानेवारी, मीठ, मी लिहून ठेवलंय. वही त्याच्यापुढे धरली

त्यानं मान वळवली

शपथ. डोळ्यांवर हात ठेवलाय. चेष्टेनं नाही आज. म्हणतो तुझी वही आहे, मी नाही वाचणार, काही झालं तरी नाही

हात ओढते त्याचा. हलत नाही

वाच. शपथ सुटली. वाच योगेंद्र पहिलं पान

वाच पहि